बोट कोणी कोणाचे धरावे?

(तृतीय वर्ष कला, इतिहास)

परदेशप्रवासाचे वर्णन आपल्या वार्षिक अंकाला नवे नाही. दर एक-दोन वर्षांनी कोणीतरी कुठेतरी जाऊन येतो आणि विमानतळापासून सुरुवात करून पाने भरतो. त्यात भर घालण्याचा माझा विचार नाही. मला एक मत मांडायचे आहे. ते असे की, जुन्या, इतिहासप्रसिद्ध शहरात लहान मुलांना जरूर न्यावे. पण ते शहर आपण त्यांना दाखवायला जाऊ नये. उलट त्यांनी ते आपल्याला दाखवावे. हे मत ऐकून प्राध्यापकवर्ग किंचित हसेल, याची मला कल्पना आहे. मीही दोन वर्षांपूर्वी हसलेच असते.

माझी थोरली बहीण नेदरलँड्समध्ये आम्स्टरडॅमच्या लगत राहते. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने मला बोलावून घेतले. कारण सरळ होते. ताई आणि भावोजी दोघेही नोकरी करणारे, आणि घरात नऊ वर्षांचा भाचा व पाच वर्षांची भाची. भाच्यांना फिरवून आणणे हे माझे काम, आणि त्या निमित्ताने माझेही शहर पाहणे होणार होते.

निघताना आईने मला एकच गोष्ट दहा वेळा बजावली : "पोरांना पाण्याच्या कडेला नेऊ नकोस." ज्या शहरात दीडशेहून अधिक कालवे आहेत आणि पूल हजाराच्या वर आहेत, त्या शहराबद्दल ही सूचना! पण मी हसले नाही. आईचा धाकटा भाऊ आठव्या वर्षी खाडीत बुडाला. मी त्याला फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिले आहे. तेव्हापासून आमच्या घरात पाणी ही दुरून बघण्याची वस्तू झाली. वेंगुर्ल्याच्या परिसरात, समुद्राच्या हाकेच्या अंतरावर मी वाढले, आणि तरीही मला पोहता येत नव्हते. हे सांगायला लाज वाटते. पण पुढचे सारे त्यावरच अवलंबून आहे म्हणून सांगते.

पहिला दिवस पार फसला. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मी यादी करून निघाले होते. सकाळी तासाभराची काचेच्या छपराची बोट, मग राजवाडा, मग राइक्स म्युझियममध्ये रेम्ब्रांटचे १६४२ चे 'नाइट वॉच' हे चित्र, मग चर्च. बोटीत कानाला लावलेल्या यंत्रातून एक गंभीर आवाज सांगत होता की, हेरेनग्राख्त, कायझर्सग्राख्त आणि प्रिन्सेनग्राख्त या तीन मोठ्या कालव्यांचे काम १६१३ मध्ये सुरू झाले आणि २०१० मध्ये हा कालव्यांचा पट्टा जागतिक वारसा ठरला. मी टिपणे घेत होते. भाची वीस मिनिटांत पेंगली. संग्रहालयात भाचा चित्रांपेक्षा जमिनीवरच्या फरशांवर उड्या मारण्यात रमला. चार वाजता धाकटी रस्त्यातच बसली आणि तिने भोकाड पसरले. घरी आल्यावर ताई म्हणाली, "तू शहर बघायला गेली होतीस, की परीक्षा द्यायला?"

दुसऱ्या दिवसापासून आम्ही नियम केला. दिवसाला एकच गोष्ट, आणि ती मुलांनी निवडायची. यादी मी फाडून टाकली.

त्यानंतर जे शहर मला दिसले, ते यादीतल्या शहरापेक्षा कितीतरी मोठे होते. योर्डान नावाच्या जुन्या वस्तीत भाचीने मान वर करून विचारले, "मावशी, या घरावर मासा का काढलाय?" घराच्या दर्शनी भिंतीत एक कोरीव, रंगवलेला दगड बसवला होता. शेजारी दुसऱ्या घरावर दुसरेच चित्र. अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथील घरांना क्रमांक आले. त्याआधी घर ओळखायचे ते अशा दगडांवरून. ज्याला वाचता येत नाही त्यालाही चित्र वाचता येते, आणि पाच वर्षांच्या मुलीला दुसरे काय येते? आम्ही खेळच सुरू केला. जो आधी प्राणी शोधील त्याला एक गुण, जो जहाज शोधील त्याला दोन. त्या एका दुपारी आम्ही इतके चाललो की, आदल्या दिवशी रडणारी मुलगी हीच का, असे मला वाटले.

भाच्याचे लक्ष आणखी वर होते. अरुंद, उंच घरांच्या माथ्यावर पुढे आलेला एक लाकडी वासा असतो आणि त्याला लोखंडी आकडा. घरातले जिने इतके चढ आणि चिंचोळे की कपाट वर जायचे ते खिडकीतूनच, दोराने ओढून. माल भिंतीवर आपटू नये म्हणून कित्येक घरांची दर्शनी भिंत मुद्दाम पुढे झुकती बांधलेली. हे सारे मी त्याला सांगणार होते. पण त्याआधीच एका घरावर कामकरी दोर सोडून सोफा वर चढवताना दिसले आणि माझे व्याख्यान वाचले. आम्ही अर्धा तास उभे राहून तो सोफा पाहिला. मध्ययुगीन व्यापाराचे तंत्र इतक्या सोप्या रीतीने मला वर्गात कधी कळले नव्हते.

तिसऱ्या दिवशी आम्ही त्याच राजवाड्यासमोर पुन्हा उभे राहिलो, ज्यात पहिल्या दिवशी मुले कंटाळली होती. ही इमारत १६४८ मध्ये नगरसभागृह म्हणून बांधायला घेतली. खालची जमीन चिखल आणि भुसभुशीत मातीची, म्हणून आधी लाकडी खांब ठोकून खालच्या वाळूच्या थरापर्यंत न्यावे लागले. किती खांब? तेथील शाळकरी मुले हा आकडा एका युक्तीने लक्षात ठेवतात. वर्षाचे दिवस ३६५. त्याच्या पुढे एक आणि मागे नऊ लिहायचे. १३,६५९! भाच्याला ही युक्ती शाळेतच कळली होती. त्याने ती मला शिकवली, आणि वर विचारले, "एवढी झाडं कुठून आणली?" या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मला बाल्टिक समुद्राकडचा लाकडाचा व्यापार, जहाजे, सारेच सांगावे लागले. पहिल्या दिवशी मी हेच सांगत होते आणि कोणी ऐकत नव्हते. फरक एवढाच की आता प्रश्न त्याचा होता.

कोणी म्हणेल, हे सारे पैशाचे खेळ आहेत. वास्तविक गोष्ट उलटी आहे. मुलांना सर्वांत आवडलेल्या गोष्टींना बहुधा तिकीट नव्हते. मध्यवर्ती रेल्वे स्थानकाच्या मागून आय नावाचे रुंद पाणी ओलांडणारी फेरीबोट पादचाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना फुकट आहे. भाचीने तिच्यातून एका सकाळी चार फेऱ्या मारल्या, आणि महागड्या बोटीत पेंगणारी ती मुलगी वाऱ्यात केस उडवत सारखी ओरडत होती. सिंगेल कालव्यावर एक तरंगते मांजरघर आहे. निराधार मांजरांना सांभाळणारी ही बोट १९६० च्या दशकापासून तेथे आहे. ठराविक वेळेतच आत जाता येते, म्हणून आम्ही दोनदा हेलपाटा घातला. पण तक्रार कोणी केली नाही. जहाजाच्या आकाराचे, हिरव्या रंगाचे 'नेमो' नावाचे विज्ञानकेंद्र आहे. त्याच्या पायऱ्यापायऱ्यांच्या उतरत्या छतावर बसून घरून नेलेला डबा खाताना सारे शहर खाली दिसते. राइक्स म्युझियममध्येही अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश मोफत आहे. म्हणजे एका चित्रापुरते जावे आणि मुले कंटाळण्याआधी बाहेर यावे. पूर्ण संग्रहालय 'वसूल' करण्याची मध्यमवर्गीय सवय तेवढी घरी ठेवावी लागते.

मात्र दोन ठिकाणी मी अडखळले, आणि माझ्या मताची खरी कसोटी तेथेच लागली.

सागरी संग्रहालयाच्या धक्क्यावर 'आम्स्टरडॅम' नावाच्या जहाजाची हुबेहूब प्रतिकृती उभी आहे. मूळ जहाज डच ईस्ट इंडिया कंपनीचे. १७४९ मध्ये पहिल्याच सफरीत ते इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ गेले. मुले तोफांवर चढली, खलाशांच्या झोळ्यांत लोळली. मी भाच्याला सांगितले की, १६०२ मध्ये स्थापन झालेल्या याच कंपनीची जहाजे आपल्या वेंगुर्ल्याला येत, आणि आजी राहते तेथून जवळच त्यांच्या वखारीच्या पडक्या भिंती आहेत. त्याला भलताच अभिमान वाटला. "म्हणजे हे लोक आपल्याकडे पाहुणे आले होते?"

काय सांगणार? गप्प बसणे सोपे होते. पण मी त्याला पुरणपोळीतल्या जायफळाची आठवण दिली. ते जायफळ बांदा बेटांवर होई. त्याचा व्यापार एकट्याच्या हातात यावा म्हणून १६२१ मध्ये या कंपनीने त्या बेटांवरची बहुतेक वस्ती मारून, पळवून, गुलाम करून संपवली. कालव्याकाठच्या त्या सुंदर घरांच्या विटांत या पैशाचाही वाटा आहे. भाचा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "त्यांनी सॉरी म्हटलं का?" मला सांगता आले की, गुलामगिरीतील शहराच्या सहभागाबद्दल आम्स्टरडॅमच्या महापौरांनी २०२१ मध्ये आणि देशाच्या वतीने राजांनी २०२३ मध्ये जाहीर माफी मागितली. "उशिरा म्हटलं," असा निकाल त्याने दिला.

दुसरे ठिकाण प्रिन्सेनग्राख्तवरचे २६३ क्रमांकाचे घर. अ‍ॅन फ्रँक आपल्या कुटुंबासह जुलै १९४२ पासून ४ ऑगस्ट १९४४ पर्यंत तेथे लपून राहिली. मी मुलांना आत नेले नाही. पाच वर्षांच्या मुलीला तेथे नेणे मला आजही चुकीचे वाटते. पण समोरच्या काठावर बसून भाच्याला मी एवढे सांगितले की, तुझ्याहून चार वर्षांनी मोठी मुलगी दोन वर्षांहून अधिक काळ या घराबाहेर पाऊल टाकू शकली नाही, आणि माळ्याच्या खिडकीतून तिला एक चेस्टनटचे झाड तेवढे दिसे. त्याने विचारले, झाड कुठे आहे. ते २०१० च्या वादळात पडले. पुढचे काही त्याने विचारले नाही आणि मी सांगितले नाही. मोठा झाल्यावर तो स्वतः तिची रोजनिशी वाचील. मुलांपासून सत्य लपवू नये. पण त्यांच्या हातात मावेल एवढेच एका वेळी द्यावे, असे मला वाटते.

आता पाण्याविषयी. तेथील बहुतेक कालव्यांना कठडा नाही. पहिले काही दिवस मी दोन्ही मुलांची मनगटे लाल होईपर्यंत धरून चालत होते. शेवटी भाचा वैतागून म्हणाला, "मावशी, मला पोहता येतं. तू पडलीस तर मी काय करू?" तेथील मुले लहानपणीच पोहण्याची अ, ब, क अशी प्रमाणपत्रे घेतात. पहिल्याच परीक्षेत अंगावरच्या कपड्यांनिशी, पायांत बूट घालून पाण्यात उतरावे लागते आणि पाण्याखाली धरलेल्या कापडाच्या भोकातून पलीकडे जावे लागते. कारण माणूस पाण्यात पडतो तो पोहण्याचा पोशाख घालून पडत नाही.

ही तयारी आली कुठून, तेही मुलांनीच मला दाखवले. नगरसभागृहाच्या इमारतीत पाण्याने भरलेले तीन काचेचे स्तंभ आहेत. दोहोंत दोन बंदरांवरची समुद्राची त्या-त्या वेळची पातळी दिसते. तिसऱ्यातले पाणी हलत नाही. १९५३ च्या फेब्रुवारीतील महापुरात समुद्र जितका चढला होता, ती साडेचार मीटरची खूण तो स्तंभ दाखवतो. त्या पुरात देशातील १,८३६ माणसे गेली. भाचीने मान मागे टाकून वर पाहिले आणि विचारले, "इतकं?" मी 'हो' म्हटले. त्यांनी पाण्याला भिंती घातल्या, बांध घातले. पण पाण्याकडे पाठ मात्र फिरवली नाही. मला आईच्या भावाची आठवण झाली, आणि आमच्या घराने इतकी वर्षे काय केले, हेही कळले. आईला दोष देण्याचा अधिकार मला नाही. पण भीतीने माणूस वाचत नाही. शिकल्याने वाचण्याची शक्यता तरी वाढते.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगून टाकते. त्या शहरात लहान मुलांना पाण्यापेक्षा सायकलींचा धोका जास्त. सायकलींच्या तांबूस पट्ट्यावर चुकूनही उभे राहू नये. आणि स्वच्छतागृह दिसेल तेथे गरज नसली तरी थांबावे.

आपल्यापैकी किती जणांना आम्स्टरडॅमला जायला मिळेल, हा प्रश्न रास्त आहे. पण हे मत केवळ त्या शहरापुरते नाही. आपल्या वेंगुर्ल्याच्या बंदरावर, त्या डच वखारीच्या भिंतींपाशी आपण घरातली लहान मुले कधी नेतो का? नेली तर फोटो काढून परत आणतो. एकदा त्यांच्या मागून चालून पाहावे, आणि त्यांनी विचारलेले उत्तर आपल्याला येते का, हे तपासावे. इतिहासाची याहून कठीण परीक्षा मी दिलेली नाही.

परत आल्यावर दिवाळीच्या सुट्टीत मी चुलतभावाच्या विहिरीत उतरले, पाठीला रिकामा कॅन बांधून. वयाच्या विसाव्या वर्षी गावातली पोरे काठावरून हसत होती. आईला येऊ नकोस म्हणून सांगितले होते. तरी ती आली आणि विहिरीकडे पाठ करून आंब्याखाली बसून राहिली. चौथ्या दिवशी मी कॅन सोडला. वर येऊन पाहिले, तर आई काठाशी उभी होती.