दारातला कॅप्टन

शुक्रवारी संध्याकाळी डिप्लॉयमेंट करू नये, हे आमच्या धंद्यात पहिल्याच दिवशी सांगतात. मला मात्र ते शनिवारी सकाळी कळलं!

गोष्ट २०१२ सालची. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत होतो. एका भरती परीक्षेचे फॉर्म आमच्या साइटवर भरले जायचे. शेवटची तारीख दोन दिवसांवर आली आणि आमचा एकुलता एक सर्व्हर धापा टाकायला लागला. बॉस म्हणाले, "दुसरा सर्व्हर लाव, पुढे इंजिन-एक्स ठेव. उद्या सकाळी चालू पाहिजे."

इंजिन-एक्स म्हणजे काय? उडप्याच्या हॉटेलात रविवारी गर्दीच्या वेळी दाराशी कॅप्टन उभा असतो ना, तेच. तुमची गाठ फक्त त्याच्याशी. कुणाला कुठल्या टेबलावर बसवायचं ते तो ठरवतो. आत भटारखान्यात काय चाललंय ते तुम्हाला दिसत नाही. हाच रिव्हर्स प्रॉक्सी आणि गर्दीची वाटणी म्हणजे लोड बॅलन्सिंग. इगोर सिसोएव या रशियन इंजिनिअरने हे सॉफ्टवेअर लिहिलं आणि २००४ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. एकाच वेळी दहा हजार कनेक्शन कशी सांभाळायची, हे त्याच्यापुढचं कोडं होतं.

वेगळं काही सांगितलं नाही, तर ते आळीपाळीने काम वाटतं. एक रिक्वेस्ट याला, पुढची त्याला. दहा-बारा ओळी लिहिल्या, रात्री अकराला चालू केलं. दोन्ही सर्व्हर हिरवेगार. आपण जाम खूश. घरी जाऊन मस्त ताणून दिली.

सकाळी हेल्पलाइनचा फोन माझ्याकडे वळवला गेला. "सर, सोलापूरहून बोलतेय. तिसऱ्यांदा फॉर्म भरतेय. पुढच्या पानावर गेलं की परत लॉगिन मागतंय. सायबर कॅफेवाला तासाचे वीस रुपये घेतो हो."

पोटात गोळाच आला. लॉगिनची नोंद आम्ही सर्व्हरच्या स्वतःच्या मेमरीत ठेवत होतो. पहिलं पान एका सर्व्हरकडे, दुसरं दुसऱ्याकडे, आणि हा दुसरा तिला ओळखतच नव्हता! कॅप्टनला यात काही वावगं दिसलं नाही. सर्व्हरने उत्तरच दिलं नाही, तर तो त्याला दहा सेकंद बाजूला ठेवतो. पण 'मी तुम्हाला ओळखत नाही, पुन्हा लॉगिन करा' हेही उत्तरच झालं की. त्याच्या हिशेबी सगळं आलबेल.

तात्पुरता उपाय एका ओळीचा निघाला: आयपी हॅश. म्हणजे एका पत्त्यावरून येणारा माणूस दरवेळी त्याच सर्व्हरकडे. सेटिंग रीलोड केलं. बरं असं, की रीलोडमध्ये चालू कनेक्शन तुटत नाहीत. जुने वर्कर हातातलं काम संपवून मगच जातात. ती फोनवर थांबली होती. चौथ्यांदा फॉर्म भरला. "सर, नंबर आला!" तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

पण हे ठिगळच. अख्खं सायबर कॅफे एकाच सर्व्हरच्या गळ्यात पडणार आणि तो बंद झाला की त्याच्याकडची लॉगिनही गेली. पुढच्या आठवड्यात आम्ही नोंदी बाहेर काढून रेडिसमध्ये ठेवल्या. आता कुठलाही सर्व्हर कुणालाही ओळखतो. त्यामुळे डिप्लॉयमेंटही सोपं झालं. यादीत एका सर्व्हरपुढे 'डाउन' लिहायचं, रीलोड करायचं, त्याच्यावर नवीन कोड चढवायचा, तपासायचा, परत आत घ्यायचा. मग दुसरा. तेही भरदिवसा, सगळे जागेवर असताना.

आणि हो, नुसते हिरवे दिवे बघून आता मी घरी जात नाही. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत फॉर्म स्वतः भरून बघतो.

त्या मुलीचे सायबर कॅफेचे पैसे मात्र माझ्याकडे अजून बाकी आहेत.