तोटा तालुक्यापर्यंत, नोकरी मात्र वांद्र्यालाच

2020 च्या एप्रिलअखेर, टाळेबंदीत, तीन दिवसांच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या. 27 तारखेला आंतरराष्ट्रीय वित्तीय सेवा केंद्रांसाठीचे प्राधिकरण स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय गांधीनगरला ठरले. 30 तारखेला विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्राच्या वैधानिक विकास मंडळांची मुदत संपली. पहिल्या गोष्टीवर केवढा गदारोळ झाला! थेट पंतप्रधानांना पत्र गेले, मुंबईच्या तोंडचा घास गुजरातने पळवला अशी ओरड झाली. दुसऱ्या गोष्टीवर आमच्याकडचे काही जाणते कार्यकर्ते बोलले, पण त्यांचा आवाज मुंबईत फारसा कुणाच्या कानावर गेला नाही.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवतो. या मुलांपुरते बोलायचे तर वांद्रे-कुर्ला संकुल आणि गांधीनगर सारखेच लांब आहेत. घास कुणी पळवला यावर त्यांनी का रडावे? त्यांच्या ताटात तो कधी पडलाच नव्हता.

आपल्या राज्यात मागासलेपण मोजायची पद्धत आहे, तिला अनुशेष म्हणतात. दांडेकर समितीने 1984 मध्ये रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण असे हिशेब मांडून 3,186 कोटींचा अनुशेष काढला. त्यात मराठवाड्याचा वाटा जवळपास 24 टक्के होता. हिशेब चोख होता, पण तो खडी-सिमेंटच्या जमान्यातला. आज मुंबईत सर्वांत जास्त पगार देणाऱ्या कामांपैकी मोठा भाग बँका, म्युच्युअल फंड आणि परदेशी वित्तसंस्थांच्या कचेऱ्यांत आहे. तिथे पोचायला लागणारे गणित, वाणिज्य आणि इंग्रजी कुठल्या जिल्ह्यात किती मिळते, याचा अनुशेष कोण काढणार? आमच्या गावच्या उर्दू कनिष्ठ महाविद्यालयात फक्त कला शाखा आहे. दहावीला गणितात नव्वदच्या वर गुण घेतलेली मुलगी तिथे इतिहास घेऊन बसते, कारण बाप तिला एकटीला परभणीला पाठवत नाही. पुढे डीएड. मग टीईटी. मग वाट बघणे. मी स्वतः बीएड करून त्याच रांगेतून आलो आहे, त्यामुळे रांग किती लांब आहे ते कुणी मला सांगू नये.

करिअर मार्गदर्शनाच्या जलशात मुंबई-पुण्याहून पाहुणे येतात. शाल-श्रीफळ घेतात आणि सांगतात, आता जग एक झाले आहे, लॅपटॉप असला की न्यूयॉर्कचा बाजार तुमच्या घरात. बरोबर आहे, बाजार घरात आला. पण कसा आला? सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये जाहीर केलेला अभ्यास बघा. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक व्यावसायिकांपैकी 93 टक्के लोकांनी पैसे गमावले, एकूण 1.8 लाख कोटींहून जास्त. आणि या गर्दीतले 72 टक्क्यांहून अधिक लोक देशातल्या पहिल्या 30 शहरांच्या बाहेरचे. म्हणजे तोट्याचे विकेंद्रीकरण झाले, नोकरीचे झाले नाही. ज्या बाजारात संशोधन, जोखीम-व्यवस्थापन, हिशेबतपासणी अशी पगाराची कामे आहेत, त्याचे फक्त जुगाराचे टोक आमच्या चहाच्या टपरीवर पोचले.

आता आपल्या माणसांबद्दल. वर्गात हा विषय काढला की एक तरी हात वर होतो, "सर, ये तो सूद का काम है ना?" प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर द्यायला हवे. व्याज नाजायज आहे, ऑप्शन्सचा सट्टा बहुतेक उलेमा नाजायज मानतात, मीही त्यापासून लांब राहा असेच सांगतो. पण पूर्ण वित्तक्षेत्र म्हणजे एवढेच नव्हे. मुंबई शेअर बाजाराने 2010 मध्ये शरियत-सुसंगत कंपन्यांचा निर्देशांक सुरू केला. मलेशियात सुकूकचा मोठा बाजार उभा आहे. कुठली कंपनी निकषांत बसते हे तपासणे, हेच तिथे एक काम आहे. दुबईच्या वित्तीय केंद्राच्या परिसरात आपल्या मराठी मुसलमानांची मुले वायरिंग करायला, गाडी चालवायला जातात, तेव्हा कुणी फतवा विचारत नाही. त्याच इमारतीत टेबलावर बसायची वेळ आली की मात्र आपल्याला तक़वा आठवतो. मला यात दीनदारी कमी आणि भीती जास्त दिसते.

राज्यघटनेच्या कलम 371(2) मध्ये विकास मंडळांबरोबर आणखी एक गोष्ट लिहिली आहे, ती आपले नेतेसुद्धा विसरतात: तंत्रशिक्षण आणि व्यावसायिक प्रशिक्षणाच्या पुरेशा सोयींची न्याय्य व्यवस्था. 2020 नंतरची सगळी भांडणे मंडळ कुणी बुडवले यावर झाली. मंडळ हवेच. पण त्याच्या पहिल्या बैठकीत आमच्या बाजूने कुणी तरी दोन साध्या गोष्टी मागाव्यात. प्रत्येक तालुक्यात, उर्दू माध्यमासह, अकरावी वाणिज्यची एक तुकडी आणि गणिताचा पूर्णवेळ शिक्षक. दुसरे, सेबीने उभारलेल्या राष्ट्रीय रोखे बाजार संस्थेचा मोठा परिसर रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला आहे, तिचे एक प्रशिक्षण केंद्र मराठवाड्यात, वसतिगृहासह. मुलींचे वसतिगृह आधी बांधा. त्या नव्वदच्या वर गुणवालीचा बाप मला ओळखतो, वसतिगृह असेल तर त्याला समजावायची जबाबदारी माझी.