पेल्यात काय आहे?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी आयुष्यात पहिल्यांदा बिअर प्यालो, हे या अंकात लिहावे की नाही याचा मी बराच विचार केला. अंक घरी जातो आणि आई तो पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचते. पण आईला सगळे ठाऊक आहे. किंबहुना या लेखातला निम्मा मजकूर तिचाच आहे. माझे वय बावीस पूर्ण आहे आणि बिअरसाठी आपल्या राज्यात एकवीस लागते, तेव्हा प्राध्यापक मंडळींनीही निश्चिंत असावे.

झाले असे की माझ्या मामेभावाला नोकरीत बढती मिळाली. "चल, तुला जरा माणसांत आणतो," दादा म्हणाला. विक्रोळीहून धीमी लोकल पकडून आम्ही करी रोडला उतरलो आणि चालत लोअर परळला गेलो. जिथे एकेकाळी गिरणीचा भोंगा होत असे, त्या आवारात हे दुकान आहे. दुकान म्हटले की दादा रागावतो. त्याला 'ब्रूपब' म्हणायचे. म्हणजे बिअर बाहेरून बाटलीत भरून येत नाही. तिथेच शिजते, तिथेच आंबते आणि तिथेच विकली जाते. पुण्यात 'डूलाली'ने २००९ साली हा प्रकार सुरू केला आणि पुढे तो मुंबईतही रुजला.

आत गेल्यावर पहिली गोष्ट दिसली ती काचेची भिंत आणि तिच्यापलीकडे उभी असलेली चकचकीत पोलादी पिंपे. सगळे उघड. आमच्या टेबलाशी आलेल्या मुलाने (माझ्याच वयाचा असेल, कळव्याहून येतो म्हणाला) विचारण्याआधीच सांगायला सुरुवात केली. जव भिजवून मोड आणायचे, वाळवायचे, भरडायचे. मग साधारण ६५ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचे, म्हणजे पिठाची साखर होते. ते गाळून हॉप्सची फुले घालून उकळायचे. कडूपणा येतो तो त्यांचा. निववून यीस्ट घालायचे आणि आठ-पंधरा दिवस वाट पाहायची. घरी आंबोळीचे पीठ आंबवणाऱ्या कोणालाही यातले निम्मे कळेल. मग एका लाकडी फळीवर चार छोटे पेले आले. सोबत एक कार्ड, आणि त्यावर प्रत्येक पेल्यात कोणते धान्य, मद्यार्क शेकडा किती, हे छापलेले. गव्हाच्या बिअरला केळ्याचा वास येतो. कोणी सांगितले असते तर मी विश्वास ठेवला नसता.

खाण्याबद्दल थोडक्यात सांगतो. सुपारीपेक्षा थोडे मोठे चार वडापाव आले आणि त्या पैशांत आमच्या स्टेशनबाहेर सगळा वर्ग जेवला असता. दादाच्या एका सहकाऱ्याने मला विचारले, "विक्रोळी म्हणजे गोदरेजची कपाटे ना?" मी हो म्हटले. एका पेल्याची किंमत चारशेच्या वर होती. दाराशी कोणी परवाना विचारला नाही. वास्तविक १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे, आणि त्यानुसार पिणाऱ्याजवळ परवाना असावा लागतो. तोही 'प्रकृतीसाठी आवश्यक' म्हणून दिलेला. त्या संध्याकाळी तिथे जमलेल्या दोनशे माणसांच्या प्रकृतीची काळजी सरकारला वाटत नसावी.

रात्री साडेअकराला घरी पोचलो. आई जागीच होती. ती ओरडेल असे वाटले होते, पण तिने एवढेच विचारले, "कोणी बनवलेली होती? आत काय होतं?" मी खिशातले कार्ड काढून तिच्यापुढे ठेवले. चष्मा लावून तिने ते सगळे वाचले आणि मग २००४ च्या डिसेंबरची गोष्ट सांगितली.

त्या महिन्यात विक्रोळीत विषारी दारूने ८७ माणसे गेली. मी तेव्हा वर्षाचा होतो. आमच्या कन्नमवारनगरात बायका नळावर एकमेकींना एकच विचारत होत्या, असे आई सांगते : "तुमचे घरी आहेत ना?" आमचे बाबा घरी होते. पण ते कधीमधी घेत, आणि कुठून घेत हे आईला माहीत नव्हते. एवढ्या एका कारणाने तिला दोन रात्री झोप लागली नाही.

अशा दारूत असते ते मिथेनॉल, कारखान्यांत लागणारे स्वस्त रसायन. वासाने किंवा चवीने ते साध्या माणसाला ओळखता येत नाही. शरीरात गेल्यावर त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते आधी डोळ्यांवर जाते. धुक्यात किंवा बर्फात उभे असल्यासारखे दिसू लागते. पिणाऱ्याला वाटते, जास्त झाली, झोपल्यावर उतरेल. तो झोपतो, आणि उपचाराचे तास निघून जातात. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत हेच पुन्हा घडले. तेव्हा शंभराहून अधिक माणसे गेली.

यावर आपल्याकडे ठरलेले उत्तर आहे : पितात कशाला? हे उत्तर मी टाकाऊ मानत नाही. माझी आई याच मताची आहे आणि तिला तो अधिकार आहे. पण हेच उत्तर लोअर परळच्या काचेच्या भिंतीपाशी उभे राहून कोणी का देत नाही? तिथे आपण केळ्याच्या वासाची चर्चा करतो, वृत्तपत्रे त्यावर रविवारची पाने खर्च करतात. पंधरा-वीस रुपयांची पिशवी पिणारा मेला की मात्र आपण त्याच्या व्यसनावर बोलतो, पिशवीत काय होते त्यावर नाही. बव्हेरियाच्या सरदाराने १५१६ मध्ये फर्मान काढले की बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी याखेरीज काही घालायचे नाही. यीस्ट नेमके काय असते हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. पेल्यात काय आहे याची हमी साध्या गिऱ्हाइकाला असावी, हे त्या काळच्या राजसत्तेलाही सुचले होते.

आमच्याकडे काय सुचले? २०२५ च्या जूनमध्ये राज्याने दारूवरचे उत्पादन शुल्क वाढवले. देशी दारूची १८० मिलीलीटरची बाटली साठ-सत्तर रुपयांवरून ऐंशीवर गेली. बिअर आणि वाईन त्यातून वगळली. म्हणजे दादाचा पेला होता तिथेच राहिला, आणि सरकारी शिक्का असलेली, तपासलेली अशी जी सर्वांत स्वस्त बाटली होती, ती हमालाच्या हातापासून आणखी थोडी लांब गेली. त्याने मग कुठे जावे? तो कुठे जातो हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

ब्रूपब बंद करा असे मी म्हणत नाही. दादाने पुन्हा बोलावले तर मी जाईन. शिक्क्याची स्वस्त बाटली स्वस्त राहू द्यावी, आणि मिथेनॉलच्या प्रत्येक पिंपाचा कारखान्यापासून हिशेब लागावा. शिवाय आणखी एक फलक हवा. 'दारू पिऊ नका' असे फलक पुष्कळ आहेत. हा देशी दारूच्या दुकानांबाहेर, नाक्यावर आणि स्टेशनच्या पुलावर लागावा : प्यायल्यावर दिसायला अंधुक झाले, पोटात दुखले, श्वास लागला, तर झोपू नका, तडक राजावाडीला या, पोलीस नंतर, आधी डॉक्टर. या विषावर उतारा आहे, वेळेत पोचलेला माणूस वाचू शकतो. पोलिसांच्या भीतीने माणसे घरीच पडून राहतात, असे आई म्हणते.

ते कार्ड तिने फेकले नाही. रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवले आहे.