छप्पर गार राहिलेलंच बरं

बॉस्टनच्या आसपास जानेवारीत भारतातून पाहुणे आले की पहिला फोटो निघतो तो गोठलेल्या पागोळ्यांचा. वळचणीला ओळीनं लटकलेले हातभर लांब सुळके आणि त्यांतून आरपार जाणारं ऊन. तासाभरात फोटो घरच्या सगळ्या ग्रुपांवर पोचलेला असतो. मला मात्र त्या घराच्या मालकाची काळजी वाटते. त्याच गल्लीत एखाद्या छपरावर आढ्यापासून काठापर्यंत अखंड बर्फ पडून असतो आणि वळचण मोकळी असते. त्या घराचा फोटो कुणी काढत नाही. घर शहाणं ते!

घरात 20 अंश, बाहेर उणे 8. ऊन हवा वर चढते, फटीफटींतून माळ्यावर शिरते आणि छपराच्या फळ्या खालून तापवते. वर फूटभर बर्फ साचलेला असेल तर तोच ऊब धरून ठेवतो. त्याचा तळचा थर वितळतो आणि पाणी बर्फाखालून घरंगळत वळचणीपर्यंत येतं. वळचण भिंतीच्या बाहेर. तिच्याखाली ना घर, ना ऊब. पाणी तिथे गोठतं. असं रोज थोडं थोडं होत आठवड्याभरात छपराच्या काठाला बर्फाचा बांध तयार होतो. इथे त्याला ‘आइस डॅम’च म्हणतात. बांध म्हटला की मागे पाणी तुंबणार. डांबरी शिंगल्स आपल्या कौलांसारख्या एकावर एक चढवलेल्या असतात. वाहतं पाणी त्या खाली उतरवतात. तुंबलेल्या पाण्यापुढे त्यांचं काही चालत नाही. ते त्यांच्याखाली शिरतं आणि ऐन थंडीत खिडकीच्या चौकटीतून ठिबकायला लागतं. 2014-15च्या हिवाळ्यात बॉस्टनला 110.6 इंच बर्फ पडला, म्हणजे नऊ फुटांहून जास्त. शहराचा तो विक्रम. त्या फेब्रुवारीत घरोघरी बादल्या लागल्या होत्या.

अशा वेळी माणसं हातोडी घेऊन शिडीवर चढतात. कृपा करून चढू नका. थंडीनं कडक झालेल्या शिंगल्स बर्फाआधी फुटतात, आणि माणूस घसरला तर खाली गोठलेलं अंगण. त्यातल्या त्यात बरा तात्पुरता इलाज म्हणजे बायकांचा जुना लांब नायलॉनचा मोजा. त्यात कॅल्शियम क्लोराइड भरायचं आणि तो बांधावर उभा, म्हणजे वरून खाली असा टाकायचा. त्याच्याखालचा बर्फ वितळून पाण्याला वाट मिळते. साधं मीठ नको. पन्हळ गंजते, खालची झाडंही मरतात. बर्फ पडून गेल्यावर लांब दांड्याच्या फावड्यानं जमिनीवर उभं राहूनच काठाजवळचे तीन-चार फूट ओढून काढले तरी बांधाला माल कमी मिळतो.

पण खरं दुखणं छपरात नाहीच, ते माळ्याच्या जमिनीत आहे. आमच्याकडे तपासणीला आलेल्या माणसानं पुढच्या दारात कापडी पडदा ताणून त्यात मोठा पंखा बसवला आणि घरातली हवा बाहेर खेचायला सुरुवात केली. माळ्याच्या झाकणाजवळ हात धरला तर कडेकडेनं गार झोत लागत होता. छतातल्या दिव्यांच्या भोकांतून तेच. चिमणीभोवती तर बोटं आत जातील एवढी फट. बायको म्हणाली, “म्हणजे इतकी वर्षं आपण आभाळ तापवत होतो!” न्हाणीघरातल्या पंख्याचा पाइपही छपराबाहेर न जाता माळ्यावरच सोडलेला होता. आपल्या कढत आंघोळींची सगळी वाफ तिथे.

आधी या फटी बुजवायच्या. चिमणीजवळ फोम चालत नाही, तिथे पत्रा आणि आगीला टिकणारं सीलंट लागतं. मग इन्सुलेशनचा थर. सेल्युलोज असेल तर साधारण 16-17 इंच भरतात. हा सेल्युलोज म्हणजे बहुतांशी रद्दी वर्तमानपत्रांचा भुगा. आग आणि किडे दूर राहावेत म्हणून त्यात बोरेट मिसळलेलं असतं. सदर लिहिणाऱ्याच्या मजकुराचा इतका टिकाऊ उपयोग दुसरा मला माहीत नाही. हा भुगा वळचणीच्या झरोक्यांवर मात्र येऊ द्यायचा नाही. खालून गार वारा शिरावा आणि आढ्यावरून बाहेर पडावा, म्हणून वाशांच्या मधे पन्हळीसारखे पत्रे ठोकून वाट मोकळी ठेवतात. छप्पर बाहेरच्याइतकंच गार राहिलं की वरचा बर्फ जागच्या जागी पडून राहतो.

मॅसॅच्युसेट्समध्ये ‘मास सेव्ह’ या योजनेत ही तपासणी फुकट होते आणि इन्सुलेशनच्या खर्चातही भरघोस सूट मिळते. फुकट म्हणजे पैसे आपल्याच वीज-गॅसच्या बिलातून गेलेले असतात, तेव्हा संकोच नको. काठावर तापणाऱ्या वायरी लावून देणारेही भेटतील. त्यांनी पाण्याला वाट होते, पण घरातली ऊब गळायची ती गळतेच, वर वायरींचं बिल वेगळं. फेब्रुवारीत या कामाला माणूस मिळणं कठीण. मेमध्ये लगेच मिळतो. जुलैत माळ्याची भट्टी होते, तेव्हा तो पहाटेच दार वाजवतो आणि दुपारच्या आत काम आटपून जातो.