मोलाची साथ

आमच्या बेळगावात हल्ली पंचाहत्तरी झाली की ‘जीवनप्रवास’ छापतात. परवा नात्यातल्या एका काकांचा वाचला. दुकान, तीर्थयात्रा, देणग्या, सत्कार, सगळं आहे. बायकोला एकच ओळ: ‘मोलाची साथ लाभली.’ अहो, मुनिमहाराजांच्या आहारासाठी पहाटे उठून चौका लावला कोणी? पाणी गाळलं कोणी?

लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त नवऱ्याचं १८९५ सालचं धर्मांतर, आपली घालमेल, राग, काही झाकलं नाही. म्हणून पुढची त्यांची श्रद्धाही पटते. इथं घरात भांडणच नाही! मग क्षमावाणीला हे क्षमा मागतात तरी कशाची?

काकूंना विचारलं, पुस्तक वाचलंत का? म्हणाल्या, ‘चष्मा बदलायचाय गं.’