चौकटीतलं नागपूर

गेल्या काही वर्षांत नागपूरच्या भिंती बदलल्या आहेत. सदरमधल्या कॅफेत जा, धंतोलीतल्या डॉक्टरांकडे नंबर येईपर्यंत बसा किंवा वर्धा रोडवरच्या नव्या फ्लॅटचा हॉल बघा. काळ्या पट्टीच्या फ्रेममध्ये नागपूर टांगलेलं दिसतं. झिरो माइलचे घोडे, विधानभवन, दीक्षाभूमीचा घुमट, रेल्वे स्टेशनची दगडी इमारत, मेट्रोचा पूल, कोपऱ्यात एक संत्रं आणि संत्र्याशेजारी एक वाघ. दुसऱ्या फ्रेममध्ये जामठ्याचं स्टेडियम आणि रणजी करंडक उचललेला विदर्भाचा संघ.

मला या फ्रेम आवडतात, हे आधीच सांगून टाकतो. मुंबई-पुण्याच्या लोकांना नागपूर म्हणजे ऊन, संत्री आणि हिवाळी अधिवेशन. अशा शहरातल्या पोरांनी आपल्या गावाची तसबीर पैसे मोजून भिंतीवर लावावी, यात वाईट काहीच नाही. पण फ्रेम बनवणाऱ्याला आधी एक काम करावंच लागतं, ते म्हणजे कापाकापी. काय आत घ्यायचं आणि काय बाहेर ठेवायचं. बाहेर काय राहिलं, त्याबद्दल मला बोलायचं आहे.

सगळ्यात आधी बाहेर राहिली ती गिरणी. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं गेलं आणि त्याच दिवशी जमशेटजी टाटांनी नागपुरात आपली कापडगिरणी सुरू केली. म्हणून तिचं नाव एम्प्रेस. जागा होती जुम्मा तलावाजवळची, दलदलीची. भर घालून घालून ती बांधण्याजोगी करावी लागली. हा माणूस मातीत सोनं पुरतोय, असं म्हणून एका सावकाराने भांडवल द्यायला नकार दिल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. पुढे त्याच मातीतून सोनं निघालं. हिंदुस्थानात रिंग स्पिंडलचा प्रयोग या गिरणीने फार लवकर केला. १८८६ मध्ये इथे कामगारांसाठी पेन्शन फंड सुरू झाला आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई. जमशेदपूर नकाशावर यायच्या कितीतरी आधी टाटांचं औद्योगिक डोकं नागपुरात घडत होतं.

त्या गिरणीत महार होते, कोष्टी होते, मोमीन होते. गिरणीबाहेर मोमीनपुऱ्यात आणि कामठीत मोमीन विणकरांचे हातमाग चालायचे. उत्तरेतून आलेली ही विणकर माणसं इथेच रुजली. पलीकडे कोष्ट्यांचे माग होते, नागपुरी लुगड्यांचे. या शहराचा जुना आवाज विचाराल तर तो मागाची खटखट आणि गिरणीचा भोंगा. १९८६ मध्ये एम्प्रेस टाटांच्या हातून गेली, राज्य सरकारच्या महामंडळाने ती काही वर्षं ओढली आणि २००२ मध्ये ती बंद झाली. आज तिथे मॉल आहे. मॉलने एम्प्रेस हे नाव तेवढं ठेवलं. राणीचं नाव राहिलं, सूत कातणाऱ्यांचं गेलं. फ्रेम बनवणाऱ्या पोराला दोष कसा देणार? त्याच्या जन्माच्या सुमारास भोंगा थांबला होता.

पण डोळ्यांसमोर आहे ते तरी येतं का? शहराच्या उत्तरेला स्वच्छ दिवशी नजर टाकली तर क्षितिजावर सगळ्यात उंच दिसतात त्या कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या चिमण्या. नागपूरची खरी आकाशरेषा तीच. राज्याला वीज तिथून जाते आणि राख आसपासच्या गावांवर पडते. फ्रेममध्ये मात्र मेट्रोचा पूल आहे, चिमणी नाही. शहराला आपलं काम दाखवायची लाज वाटावी आणि आपली खरेदी दाखवायचा अभिमान वाटावा, ही गोष्ट मला खटकते.

दुसरा बाहेर राहिला तो शहर वसवणारा. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह. अठराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला नाग नदीकाठची बारा खेडी जोडून त्याने नागपूर वसवलं. त्याच्यामागून आलेल्या चांद सुलतानने शहराला तट घातला, दरवाजे केले, तलाव बांधला. तोच जुम्मा तलाव. जुम्मा म्हणजे शुक्रवार, म्हणून लोकांनी त्याला शुक्रवारी तलाव म्हटलं आणि पुढे त्याचं नाव गांधीसागर झालं. पाणी एकच, नावं तीन, आणि पहिली दोन नावं म्हणजे एकमेकांचा तर्जुमा. जुम्मा दरवाजाही आता गांधी गेट आहे. गोंड राजाच्या वंशातला तलाव, त्याच्या काठी पारशाची गिरणी, गिरणीला इंग्रज राणीचं नाव आणि आत सगळ्या जातींचे हात. नागपूरचं चित्र काढायचं तर या एका तलावाच्या काठावर बसूनच काढावं लागेल.

बख्त बुलंदचा पुतळा सिव्हिल लाइन्समध्ये आहे, पण फ्रेममध्ये तो मला क्वचितच दिसला. कारण न बोलताही समजतं. राजा गोंड होता आणि मुसलमान झाला होता, आणि झाला होता तो औरंगजेबाच्या दरबारात. आजच्या हवेत एवढं एक वाक्य पुरेसं आहे. पण गोष्ट तिथे संपत नाही. गादीसाठी मदत मागायला गेलेल्या या राजाला बख्त बुलंद, म्हणजे थोर नशिबाचा, हा किताब त्याच बादशहाकडून मिळाला. पुढे हाच राजा मोगलांविरुद्ध उठला, त्यांच्या मुलखात घुसला. तेव्हा चिडलेल्या औरंगजेबाने फर्मावलं की याला बख्त बुलंद म्हणू नका, निगून बख्त म्हणा. उलट्या नशिबाचा. म्हणजे नागपूरच्या संस्थापकाचं नाव पुसायचा पहिला प्रयत्न औरंगजेबाने केला. आज जे कोणी त्याला फ्रेमबाहेर ठेवतात, त्यांना आपण कोणाचा हुकूम पाळतोय याची कल्पना नसावी.

आता खेळाकडे येतो. विदर्भाने पहिला रणजी करंडक जिंकला तो १ जानेवारी २०१८ रोजी, इंदूरमध्ये दिल्लीला हरवून. एम्प्रेस मिलच्या वाढदिवसाच्या दिवशीच, हा आपला योगायोग. कर्णधार होता नागपूरचा फैज फजल. विजयाच्या धावा निघाल्या त्या वसीम जाफरच्या बॅटमधून. पुढच्याच वर्षी, पुन्हा फैजच्याच नेतृत्वाखाली, करंडक राहिला. त्या मोसमात केरळविरुद्धच्या उपांत्य सामन्यात बारा बळी घेणारा उमेश यादव वलनीच्या कोळसा खाणीत काम करणाऱ्या बापाचा मुलगा. पुन्हा तेच, खाण आणि कामगार. रणजीच्या फ्रेममध्ये फैज आहे, उमेश आहे आणि तिथे कोणी कोणाला कापलेलं नाही. म्हणून ती फ्रेम मला सगळ्यात प्रामाणिक वाटते. धावफलकाला कापाकापी करता येत नाही.

२ मार्च २०२५ रोजी जामठ्यावर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक जिंकला. अंतिम सामन्यात शतक ठोकणारा पोरगा होता दानिश मालेवार. दानिश हा फारसी शब्द, अर्थ शहाणपण. मालेवारांच्या घरातल्या मुलाचं नाव दानिश असावं आणि कोणाला त्यात काही वावगं वाटू नये, हे माझं नागपूर.

त्यानंतर बरोबर पंधरा दिवसांनी, १७ मार्चला, औरंगजेबाच्या कबरीच्या वादातून महाल आणि हंसापुरीत दगडफेक झाली, गाड्या जळाल्या, पोलीस आणि रहिवासी जखमी झाले, एक माणूस जिवानिशी गेला आणि अर्ध्या जुन्या शहरात संचारबंदी लागली. दगड मारणाऱ्यांत आमच्या मोहल्ल्यातली पोरं असतील तर तो गुन्हाच आहे, त्याला दुसरा शब्द नाही. कबरीचं नाव घेऊन गाव पेटवायला निघालेल्यांनाही तोच नियम लागू. पण मी चित्राबद्दल बोलतोय. देशाने त्या आठवड्यात नागपूरचं जे चित्र पाहिलं, ते जळत्या गाड्यांचं. ते चित्र कोणी फ्रेम केलं नाही, तरी लाखो फोनमध्ये ते आजही आहे. त्यातलं मुसलमान नागपूर म्हणजे हातात दगड घेतलेला, तोंड बांधलेला पोरगा. भिंतीवरच्या सुंदर नागपुरात आम्ही नाही आणि फोनमधल्या जळत्या नागपुरात फक्त आम्हीच, असं झालं तर पुढच्या पिढीच्या मनात कोणतं शहर तयार होईल? माझी तक्रार सजावटीची नाही, ती इथे आहे.

आता थोडं आपल्या लोकांशी. फ्रेममध्ये आम्हाला घ्या म्हणताना आपण स्वतः काय जपलं हेही विचारायला हवं. नागपूरच्या फुटबॉलचा इतिहास कामठी आणि मोमीनपुऱ्याशिवाय लिहिताच येत नाही. छावणीचं गाव असलेल्या कामठीत हा खेळ गल्लीगल्लीत भिनला. कामठीचा रब्बानी क्लब आणि नागपूरचा यंग मुस्लिम ही नावं इथल्या प्रत्येक फुटबॉलवेड्याला माहीत आहेत. विजय बारसेंच्या झोपडपट्टी फुटबॉलवर नागराज मंजुळेंनी २०२२ मध्ये ‘झुंड’ काढला, तेव्हा देशाला कळलं की नागपुरात फुटबॉलही आहे. पण या जुन्या क्लबांचे फोटो कुठे आहेत? विणकरांच्या मागांचे, त्यावर बसलेल्या माणसांचे फोटो किती घरांत आहेत? माग भंगारात गेला, त्याच्या मागोमाग आठवणही गेली.

यावर एक उत्तर ठरलेलं येतं. आपल्यात तसबिरी लावत नाहीत. घरात चेहऱ्याचं चित्र नको, असं मानणाऱ्या बुजुर्गांचा मी आदर करतो. उलेमांमध्ये कॅमेऱ्याच्या फोटोबद्दल मतभेद आहेत आणि हजला जायलाही पासपोर्टवर फोटो लागतोच, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. पण वाद जिवंत माणसाच्या चित्राचा आहे. चित्रांवर पोट असलेल्या एका माणसाला हजरत इब्ने अब्बास यांनी झाडं आणि निर्जीव वस्तू काढ, असा सल्ला दिल्याचं हदीसमध्ये आलं आहे. मग गिरणीच्या चित्राला, मागाच्या चित्राला, जुम्मा तलावाच्या चित्राला हरकत कोणाची? आपल्या भिंतींवर काबा आहे, मदिन्याचा हिरवा घुमट आहे, आयतुल कुर्सी आहे. त्यांच्या जागी काही लावा असं मी म्हणतच नाही. दुसरी भिंत रिकामी आहे, एवढंच सांगतोय.

आणि नागपूरला सगळ्यांची मिळून फ्रेम नवी नाही. बाबा ताजुद्दीनची तसबीर बघा. १८६१ मध्ये कामठीत जन्मलेला हा फकीर. इंग्रज सरकारने वेडा ठरवून पागलखान्यात ठेवलेल्या त्याला रघुजीराव भोसल्यांनी आपल्या शक्करदऱ्याच्या वाड्यात नेलं. १९२५ मध्ये बाबा गेले, पण त्यांचा फोटो आजही चहाच्या टपरीवर आहे, ऑटोच्या काचेवर आहे, हिंदूच्या किराणा दुकानात लक्ष्मीच्या शेजारी आहे. शरियतच्या अंगाने त्या फोटोबद्दल बोलणारे बोलोत. पण ही फ्रेम कोणत्या डिझायनरने काढली नाही, ती लोकांनी निवडली. आणि लोकांनी निवडताना कोणाला कापलं नाही.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. जो कोणी नागपूरची पुढची फ्रेम काढेल, त्याने बख्त बुलंदला जागा द्यावी. मॉलच्या भिंतीवर, जिथे गिरणी होती तिथेच, गिरणीचे आणि कामगारांचे मोठे फोटो लागावेत, खरेदीला येणाऱ्यांना आपण कुठे उभे आहोत ते कळू द्या. एका फ्रेममध्ये कोष्ट्याचा आणि मोमीनाचा माग शेजारी शेजारी असावा. कोराडीच्या चिमण्या लपवू नयेत. आणि रणजी विजेत्यांच्या शेजारी कामठीच्या मैदानावरची फुटबॉलची टीम असावी.

यातलं पहिलं काम मात्र महापालिकेचं नाही, मेट्रोचं नाही, आपलंच आहे. मोमीनपुरा, हंसापुरी, टेका, कामठी इथल्या कित्येक घरांत पत्र्याच्या पेट्या आहेत. त्यात गिरणीचे पास असतील, पगाराच्या चिठ्ठ्या असतील, फुटबॉल टीमचे पिवळे पडलेले फोटो असतील. येत्या रविवारी पेटी उघडा. फोटो सापडला तर फोनमध्ये नीट उतरवून घ्या, आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून मागच्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवा: कोणतं साल, कोण उभं, कोण बसलं. बोट ठेवून नावं सांगू शकणारी माणसं आता थोडी उरली आहेत.