मामंजींची जावा

साताऱ्याच्या एका वाचक भगिनींनीं विचारलें आहे कीं, त्यांच्या मामंजींची १९६८ सालची जावा फटफटी बारा वर्षें जिन्याखालीं धूळ खात पडली होती; ती त्यांच्या पुतण्यानें पदरमोड करून नुकतीच पूर्ववत् करून घेतली. आतां घरांत दोन तट पडले आहेत. थोरले दीर म्हणतात, गाडी दिवाणखान्यांत शोभेस ठेवावी. पुतण्या म्हणतो, चालवावी. मामंजी स्वतः कांहीं बोलत नाहींत.

आमचें मत पुतण्याच्या बाजूचें आहे, आणि तें केवळ हौसेखातर नव्हे. या जातीचें इंजिन टू-स्ट्रोक असतें. त्याला वंगण निराळें मिळत नाहीं. लिटरभर पेट्रोलांत ४० ते ५० मिलिलिटर तेल मिसळावें, तेंच आंत जाऊन पिस्टनला पोंचतें. गाडी महिनोन्महिने उभी राहिली कीं क्रँकच्या टोकांचे ऑइलसील वाळून ताठरतात. मग एका बाजूनें बाहेरची हवा आंत ओढली जाते, मिश्रण पातळ होतें, इंजिन भलतें तापतें आणि पिस्टन धरून बसतो. त्यांत आतांच्या पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें हवेंतील ओल शोषून घेतें; ओल वाढली कीं पाणी व इथेनॉल वेगळें होऊन टाकीच्या तळाशीं बसतें, पत्रा गंजतो आणि जुन्या रबरी नळ्या मऊ पडतात. वरून टाकी आरशासारखी दिसत असतां आंत हा प्रकार चालूं असतो!

म्हणून आठ-दहा दिवसांनीं एकदां तरी अर्धा तास गाडी रस्त्यावर न्यावी. जिन्याखालींच दोन मिनिटें सुरू करून बंद करणें हें मात्र न करण्याहून वाईट. इंजिन पुरतें तापत नाहीं, सायलेन्सरांत पाणी सांचतें आणि बॅटरीही भरत नाहीं. चातुर्मासांत बाहेर काढणें होणार नसेल तर टाकी व कार्बोरेटर दोन्ही रिकामीं करून ठेवावीं.

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यांत १९६१ पासून या गाड्या होऊं लागल्या. १९७३ पासून त्यांस येझदी हें नांव मिळालें आणि १९९६ मध्यें तो कारखाना बंद पडला. २०१८ सालीं जावा नांवानें पुन्हां गाड्या निघाल्या खऱ्या, पण त्यांचें यंत्र सर्वस्वी निराळें. सुटे भाग शोधून मिळतील. पण कानानें दोष ओळखणारीं माणसें थोडीं राहिलीं आहेत, आणि त्यांतील एक आपल्या घरांत, ओसरीवर बसलेलें आहे. पुतण्यानें त्यांच्यापाशीं बसून शिकावें. थांबतांना पेट्रोलचा नळ बंद करणें. विसरल्यास तेलमिश्रित पेट्रोल इंजिनांत झिरपून प्लग भिजतो. प्लगचें टोंक कॉफीच्या रंगाचें असावें. काळें व ओलें असल्यास तेल अधिक, पांढरें असल्यास धोका. आणि आंबेनळी घाट उतरतांना पेट्रोल मिटून नुसत्या इंजिनाच्या आधारानें फार वेळ उतरूं नये. पेट्रोल बंद म्हणजे तेलही बंद. मधून मधून मूठ थोडी पिळावी. हें पुस्तकांत वाचून समजतें, पण हाताला कळावयास मागें बसून सांगणारें कोणी लागतें.

किक मारण्याचा व गिअर बदलण्याचा दांडा या गाडीस एकच. शिवाय पायानें गिअर बदलतांना क्लच आपोआप सुटतो. पत्रलेखिका भगिनींनींही शिकण्यास हरकत नाहीं. दिरांचें काय म्हणणें पडेल तें पडो.

एक गोष्ट कायद्याची. ५० वर्षांवरील मूळ स्वरूपांतल्या गाड्यांस २०२१ च्या नियमांनीं ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळूं शकते. नव्या नोंदणीस २०,००० रुपये पडतात, आणि अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांखेरीज नेहमींच्या वापरास रस्त्यावर आणतां येत नाहीं. मंडईंत जावयाचें असेल तर जुनाच क्रमांक ठेवून साध्या नोंदणीचें दर पांच वर्षांचें नूतनीकरण सांभाळावें.

मामंजींना मागें बसवून पहिली फेरी काढण्यापूर्वीं ब्रेक तपासावे. ते ड्रमचे आहेत, आजच्या गाडीसारखे चटकन् धरणार नाहींत. टायर काळेभोर दिसतात म्हणून नवे समजूं नयेत. कडेवरच्या चार आंकड्यांत आठवडा व साल दिलेलें असतें, तें वाचून पाहावें.